इन्स्पेक्टरसाहेब जमिनीवरून उठतात

नातीबरोबर ठोकळ्यांचा मनोरा रचायचा म्हणून इन्स्पेक्टरसाहेब दिवाणखान्यात फरशीवर बसले. मनोरा झाला, पडला, पुन्हा झाला. मग नात कंटाळून आईकडे निघून गेली आणि साहेब तिथेच राहिले. आधी त्यांनी आपल्याला इथेच बरं वाटतंय असा चेहरा केला. मग ठोकळे रंगांप्रमाणे लावले. आतून जेवायला हाका आल्या तेव्हा 'आलोच' म्हणाले, आणि हे 'आलोच' ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी मुलगा बाहेर आला. त्याने एक नजर टाकली, मागे जाऊन वडिलांच्या बगलेत हात घातले आणि जड कपाट हलवताना धरतात तसं धरून त्यांना उभं केलं. सून दारात होती, नात दारात होती, बायको पातेलं हातात घेऊन उभी होती. एवढ्या प्रेक्षकांसमोर माणसाचं कपाट होणं ही काही साधी गोष्ट नाही.

जेवताना मुलगा गप्प होता. त्याचं हे गप्प बसणं साहेबांना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. गप्प बसला की त्याने मनात काहीतरी पक्कं केलेलं असायचं. तो बायको-मुलीला घेऊन आपल्या गावी परत गेला आणि आठवड्याभरातच टपालाने एक जाड, गुळगुळीत पुस्तिका आली. ज्येष्ठांसाठी तळमजल्यावरच्या खोल्या, भिंतीभिंतीला धरायला दांडे, उशाशी घंटा. पानापानावर पांढऱ्या केसांची जोडपी कशाला तरी हसत होती. कशाला ते कुठेच छापलेलं नव्हतं.

"नुसतं बघून ठेवा," मुलगा फोनवर म्हणाला. "महिनाअखेरीस मी येतोय. मग बसून ठरवू."

बसून! बसण्याचा प्रश्नच नव्हता, प्रश्न त्यानंतरचा होता. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर, खिडकीतून दिसणारा रस्त्याचा तो वाकडा कोपरा, स्वयंपाकघरातला दिवा लावायची ती विशिष्ट खटपट, हे सगळं आता आपल्या दोन गुडघ्यांवर टांगलेलं आहे, हे साहेबांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं. महिनाअखेरीपर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय जमिनीवरून उठता आलं पाहिजे. नाहीतर दांडे, घंटा आणि कारण नसताना हसणं.

इथे एक खुलासा. इन्स्पेक्टरसाहेब पोलिसांतले नव्हते, लिफ्टचे होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासण्यात घालवला आणि राहायला मिळाली ती बिनलिफ्टची इमारत. हा विनोद त्यांना आजवर इतक्या लोकांनी ऐकवला होता की आपण तो पुन्हा करायला नको.

व्यायाम शिकवणारं एक केंद्र त्यांना बाजाराच्या मागच्या रस्त्यावर सापडलं. तळघरात व्यायामशाळा होती आणि सकाळचा वेळ फक्त ज्येष्ठांचा. तिथे शिकवणाऱ्या ट्रेनरबाईंचा आवाज एवढा दांडगा की रस्त्यावरून जाणाराही नकळत ताठ चालायला लागे.

"काका, तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?" बाईंनी विचारलं. "वजन कमी करायचंय? दम वाढवायचाय?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडे एक आजीबाई दोन्ही हातांत लोखंडी वजनं घेऊन, शेजारणीशी सुनेबद्दल बोलत, सावकाश खालीवर होत होत्या.

"जमिनीवरून उठायचंय," साहेब हळूच म्हणाले.

"जमिनीवरून उठायचंय!" बाईंनी ते साऱ्या तळघराला सांगितलं. "उत्तम! मग आधी आडवं व्हायला शिकू. पण त्याआधी डॉक्टरांचा दाखला आणा, व्यायामाला हरकत नाही म्हणून."

डॉक्टर जुने, घरचे. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती ऐकली, गुडघा वाकवून त्यातून येणारा आवाज कौतुकाने ऐकला.

"तब्येत छान आहे. व्यायाम सुरू करा."

"तसं लिहून द्या."

"लिहून कसं देणार? व्यायाम तुम्हाला झेपतो का ते मला कुठे माहीत? आधी सुरू करा, काही दिवस बघू, मग लिहून देतो."

"पण दाखल्याशिवाय ते सुरूच करू देत नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसरा एखादा असता तर चिडला असता. साहेबांना मात्र त्या उत्तराची बांधणी आवडली. जिकडून हात घालावा तिकडून बंद! अशी वाक्यं तयार करायला सरकारी खात्यात अर्धं आयुष्य जावं लागतं आणि या गृहस्थांना ती खासगी दवाखान्यात सुचत होती. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर 'आज तपासणीच्या वेळी पेशंटची काही तक्रार नव्हती' एवढं एक वाक्य मिळालं. तेही तसं खोटंच होतं, पण ट्रेनरबाईंना पुरलं.

घरी यातलं काही सांगायचं नाही असं साहेबांनी ठरवलं होतं. बायकोला कळलं की मुलाला कळणार, मुलाला कळलं की 'या वयात हे काय नवीन' असं होणार, आणि महिनाअखेर उद्यावर येणार. म्हणून ते रोज सकाळी पिशवी घेऊन वाचनालयात निघाले.

"वाचनालयात एवढा घाम?" बायकोने विचारलं.

"पुस्तक थरारक होतं."

बायको नुसती बघत राहिली. ते बघणं साहेबांना पुस्तिकेतल्या दांड्यांपेक्षा भीतिदायक वाटलं.

खरी पंचाईत ट्रॅकपँटची झाली. पुस्तक वाचून आलेला माणूस रोज ट्रॅकपँट वाळत घालायला लागला तर ते खपणार कसं? म्हणून साहेबांनी तळमजल्यावरच्या केमिस्टना विश्वासात घेतलं. केमिस्ट म्हणजे औषधाचं दुकान मुलाकडे सोपवून दिवसभर इमारतीच्या तब्येतीची चौकशी करत हिंडणारे गृहस्थ. त्यांनी ट्रॅकपँट आपल्या दोरीवर घ्यायला आनंदाने होकार दिला, पण त्या बदल्यात सल्ला ऐकायची अट आपोआपच लागू झाली.

"गुडघा ही वापरायची वस्तू नाही हो," ते ओल्या ट्रॅकपँटला चिमटा लावत म्हणत. "जपायची वस्तू आहे. माझे बघा, नव्यासारखे आहेत. कारण मी वाकतच नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंना ही कुणकुण कशी लागली कोण जाणे. केमिस्टना माहीत असलेली गोष्ट जिन्याने आपोआप वर चढते, हे खरं. त्यांनी साहेबांना जिन्यातच गाठलं. "काका, पडायचंच झालं तर घरात पडा. जिना सामायिक आहे. तिथे पडलात तर जबाबदारी कुणाची यावर वर्षानुवर्षं निकाल लागत नाही." साहेब त्या दिवसापासून कठडा दोन्ही हातांनी धरून उतरू लागले.

तळघरात मात्र हळूहळू काहीतरी घडत होतं. आडवं व्हायचं, कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग रांगायच्या अवस्थेत, मग खुर्ची धरून एक पाऊल पुढे, आणि शेवटी तोंडाने फुंकर सोडत उभं राहायचं. प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घ्यायचा, घाई करायची नाही. साहेब जिथे अडत तिथे ट्रेनरबाई ओरडत, "शाब्बास, काका! रांगताय छान!" ज्या माणसाच्या सहीशिवाय मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट हलत नव्हत्या, त्याला रांगण्याबद्दल शाबासकी मिळत होती. आणि खरं सांगायचं तर ती मिळाली नाही त्या दिवशी त्यांना चुकल्यासारखं होई.

एका सकाळी ते उभे राहिले. खुर्चीला धरून, डुगडुगत, पण आपले आपण. वजनवाल्या आजीबाईंनी वजनं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता आणि मुलाची वाट पाहत बसला असता. पण साहेबांना झोप येईना. तळघरात जमलं ते घरात जमेल कशावरून? तिथे खाली गादी असते, समोर बाई असतात. मुलासमोर ऐन वेळी रांगण्यातच अडकलो तर? त्यांच्या खात्यात एक नियम होता. कारखान्यात चालली म्हणून लिफ्ट पास होत नाही, जिथे बसवायची तिथे चालवून बघावी लागते. आणि दुसरा नियम असा की चाचणीच्या वेळी आत कुणालाही सोडायचं नाही. ट्रेनरबाईंनी बजावलं होतं की घरी सराव करताना दार उघडं ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. पण बाई खात्यात नव्हत्या. मुलगा यायच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी झोपायच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली, खुर्ची मधोमध ठेवली आणि फरशीवर आडवे झाले.

कुशीवर वळले. कोपरावर आले. रांगायच्या अवस्थेत पोचले आणि खुर्चीला हात घातला. तळघरातल्या खुर्चीच्या पायांना रबर होतं, या खुर्चीच्या नव्हतं. ती सरकली, मागच्या स्टुलावर आदळली आणि स्टूल त्यावरच्या पितळी फुलदाणीसकट खाली आलं.

"अहो!" बाहेरून बायको ओरडली. "काय पडलं?"

साहेब धडधाकट होते. खुर्ची पुन्हा ओढून घेत त्यांनी धीर देण्यासाठी हाक दिली, "मी ठीक आहे! जरा वेळ कुणी आत येऊ नका!"

इथेच घात झाला. सबंध संसारात साहेबांनी आपण होऊन 'मी ठीक आहे' असं कधीही म्हटलेलं नव्हतं. साधी शिंक आली तरी ते मृत्युपत्राचा विषय काढत. असा माणूस बंद दाराआडून ठीक आहे म्हणतो म्हणजे काय झालं असेल! बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आधी केमिस्टना फोन केला, केमिस्टनी अँब्युलन्सला केला, आणि जिना चढता चढता वकीलबाईंचं दार वाजवून त्यांनाही बरोबर घेतलं.

आत साहेब एक पाऊल पुढे टाकून फुंकर सोडत होते. "फूऽऽऽ."

"कण्हतायत!" केमिस्ट दाराला कान लावून म्हणाले.

साहेबांना सगळं ऐकू येत होतं, पण ऐन चाचणीत थांबायचं नसतं. गुडघा जमिनीवरून सुटला, पाठ वर आली, खुर्चीवरचा हात सैल झाला. आणखी एक श्वास, की साहेब उभे! तेवढ्यात केमिस्टच्या खांद्याने कडी उखडली, दार धाडकन उघडलं, साहेबांच्या पाठीवर बसलं आणि साहेब फरशीवर पालथे.

"बघा! पडलेत!" केमिस्ट म्हणाले.

"तुम्ही पाडलंत!" साहेब उठायला लागले.

"उठू नका!" केमिस्ट त्यांच्या पायांवर बसले. वाकायचं नाही हा नेम त्यांनी त्या दिवशी मोडला. "खुब्याचं हाड मोडलं असेल!"

"कुणीही हलवू नका," वकीलबाईंनी खांदे दाबून धरले. "हलवलं तर जबाबदारी हलवणाऱ्यावर येते."

"अहो, मला उठता येतं! मी आत्ता उठत होतो!"

"धक्क्यात आहेत," केमिस्ट म्हणाले. "मला ठाऊक होतं, हे त्या व्यायामाचं. ट्रॅकपँट मीच वाळवतो."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना जमिनीवरून उठता येत होतं आणि दोन माणसं त्यांना जमिनीवर दाबून बसली होती. पण त्याहून जास्त त्यांना लागलं ते निराळंच. बायको चौकटीला धरून उभी होती. जवळ आली नाही, खाली वाकली नाही, कपाळाला हात लावून बघितलं नाही. परक्या घरी आल्यासारखी नुसती उभी. आपण हिच्यासाठी, या घरासाठी रांगतो आहोत आणि ही चौकट सोडत नाही! साहेबांचे डोळे भरून आले. केमिस्टनी ते पाहिलं आणि वेदना वाढल्याचं जाहीर केलं.

मग स्ट्रेचर आलं. मजल्यामजल्यावर लोक दारात उभे होते. पट्टा नीट आवळलेला नाही हे साहेबांच्या लगेच लक्षात आलं. ते त्यांनी सांगितलंही, पण तपासणीसाठी आलेल्या माणसाचं ऐकतात, तपासणीला नेलेल्या माणसाचं ऐकत नाहीत.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने पाय वर केला, खाली केला, फोटो काढून आणायला लावला. हाडं शाबूत होती.

"कसे पडलात, आजोबा?"

"पडलो नाही. पाडलं."

"कुणी?"

"केमिस्टने. दार तोडून."

डॉक्टर गंभीर झाला. बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "घरात काही त्रास आहे का, आजी? असं असेल तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं."

"काही कळवायचं नाही! मी इन्स्पेक्टर आहे!" साहेब गरजले.

डॉक्टर ताडकन उभा राहिला.

"लिफ्टचे," बायको म्हणाली. डॉक्टर बसला.

साहेब पलंगावरून आपण होऊन उतरले, खोलीभर चालून दाखवलं. तरी सोडताना त्यांना चाकांच्या खुर्चीतूनच फाटकापर्यंत नेलं, कारण स्ट्रेचरवरून आलेला माणूस पायांनी बाहेर जाऊ शकत नाही असा तिथला नियम होता. फाटकाबाहेर ते खुर्चीतून उठले आणि रिक्षात बसले.

केमिस्टनी मुलाला फोन केला होता, हे सांगायला नकोच. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता आणि काखेत त्या पुस्तिकेची आणखी एक प्रत होती. केमिस्टना उखडलेल्या कडीची व्यवस्था करायला सांगून आधीच खाली पाठवलेलं होतं.

"बाबा, पुरे आता," मुलगा म्हणाला. "मला नोकरीवर बसून दिवसभर जीव मुठीत धरावा लागतो. फोन वाजला की वाटतं, आलीच बातमी. मी उद्याच या पुस्तिकावाल्यांशी बोलतो."

साहेब दिवाणखान्याच्या मधोमध गेले, एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि खाली बसले. मग सरळ आडवे झाले.

"बाबा!"

"हात लावायचा नाही," साहेब छताकडे बघत म्हणाले.

कुशीवर. कोपरावर. रांगत. मुलगा ओठ आवळून बघत होता. रांगण्यात साहेब जरा जास्तच वेळ थांबले आणि त्यांच्या मनात आलं, संपलं, आता कपाट. मग त्यांनी पाऊल पुढे घेतलं, खुर्चीवर भार दिला आणि मोठी फुंकर सोडली. ते उभे होते. खोलीत कुणीच त्यांना धरलेलं नव्हतं.

मुलाने पुस्तिका टेबलावर टाकली. "हे कधी शिकलात?"

"तुझं गप्प बसणं बघितल्यापासून."

मुलाला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. "पण बाबा, ही पुस्तिका माझी कल्पना नव्हती. आईने मागवायला सांगितली होती."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा चौकटीला धरूनच उभी होती.

"तू? तुला हे घर नको झालंय?"

"घर का नको होईल मला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "तुम्ही पडलात तर मी काय करू, सांगा ना? मला खाली बसता येत नाही. गेली किती वर्षं मी खाली बसलेली नाही. खालच्या फळीवरचे सगळे डबे मी वर नेले, तुम्हाला दिसलं नाही. आज तुम्ही तिथे पडलेले, ते दोघं तुम्हाला धरून बसलेले, आणि मला जवळसुद्धा येता येईना. खाली गेले असते तर माझ्यासाठी दुसरं स्ट्रेचर मागवावं लागलं असतं. दांड्याला धरून तुमच्या कपाळापर्यंत वाकता येईल असा तळमजला, कुणाला तरी बोलावता येईल अशी घंटा, एवढंच मला हवं होतं हो."

लिफ्टच्या दोरखंडातली एक तार सुटली तरी साहेबांना खालून दिसत असे, असा त्यांचा खात्यात लौकिक होता. आणि घरातल्या बाईने सगळं घर कमरेच्या वर उचलून ठेवलं ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते पुन्हा खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "ये. बस."

"आता? वेड लागलंय का तुम्हाला!"

"मी आहे ना. तो आहे. घाई करायची नाही."

तिने एका हाताने त्यांचा हात धरला, दुसऱ्याने खुर्ची. किती वेळ लागला ते सोडा. ती खाली टेकली आणि भिंतींकडे, टेबलाखालच्या अंधाराकडे असं बघू लागली, जसं काही जुन्या ओळखीचं माणूस भेटलं आहे. साहेबही तिच्याशेजारी बसले आणि तिला एकेक पायरी सांगू लागले. ती कुशीवर वळली, कण्हली, हसली, रांगायच्या अवस्थेत आली आणि तिथेच अडकली.

"बस्स. इथपर्यंतच. माझ्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. ती रडायच्या बेतात होती. मुलगा पुढे झाला. नेमके त्याच वेळी केमिस्ट नवी कडी घेऊन आत आले आणि नवरा-बायको दोघांनाही जमिनीवर बघून त्यांच्या हातातली कडी गळून पडली.

"अरे देवा! दोघंही?" ते धावले. "कुणी हलू नका! मी धरतो!"

"खबरदार!" ती ओरडली. असा आवाज त्या इमारतीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "कुणी हात लावाल तर बघा! दुपारी यांना उठू दिलं नाहीत, आता मला उठू देणार नाही का?"

आणि त्या रागातच तिने पाऊल पुढे टाकलं, खुर्चीची पाठ घट्ट धरली, तोंडाने मोठी फुंकर सोडली आणि उभी राहिली. केस सुटलेले, चेहरा लालबुंद. केमिस्ट दोन पावलं मागे सरकले. मुलाने टेबलावरची पुस्तिका उचलली आणि गुपचूप आपल्या बॅगेत घातली.

"तुम्ही उठा की आता," ती वरून साहेबांना म्हणाली.

"उठतो," साहेब म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना उठायची काही घाई नव्हती.